पालिका बाजारात डान्स गेम घेताना

दिल्लीला गेलात की कॅनॉट प्लेसच्या पांढऱ्या खांबांच्या व्हरांड्यातून एक फेरी होतेच. पण तिथल्याच एका बागेखाली, जमिनीच्या पोटात, अख्खा बाजार भरलेला असतो हे नवख्या माणसाला सांगावं लागतं. राजीव चौक मेट्रो स्टेशनातून बाहेर या, पालिका बाजाराचं गेट विचारा आणि पायऱ्या उतरा. ऊन आणि हॉर्नचा गोंगाट वरच राहतो. खाली गोल गोल गल्ल्या. जीन्स, गॉगल, मोबाइल कव्हर आणि अधेमधे व्हिडिओ गेमची छोटी दुकानं. काउंटरवर एक टीव्ही, भिंतभर गेमचे डबे आणि “आइए मॅडम, पीएस फाइव्ह देखिए” अशी हाक.

भाचीचा वाढदिवस असो की बहिणीचं नवं घर, डान्स गेम भेट द्यायचा विचार असेल तर इथे यायला हरकत नाही. ऑनलाइन खरेदी सोपी, पण इथे वस्तू हातात घेता येते, सुरू करून बघता येते, जुनी घेऊन पैसे वाचवता येतात. मात्र नकली मालासाठीही हा बाजार बदनाम आहे, त्यामुळे डोळे उघडे ठेवा.

आधी त्यांचं घर डोळ्यांसमोर आणा

पायऱ्या उतरण्याआधीच तीन गोष्टी विचारून घ्या. त्यांच्याकडे आधीपासून एखादा कन्सोल आहे का? टीव्हीला एचडीएमआय पोर्ट आहे का? आणि टीव्हीसमोर दोन्ही हात पसरून गिरकी घेता येईल एवढी जागा आहे का? मग चौथा, खरा प्रश्न. त्या घरात “मला नाही बाई नाचता येत” असं कोण म्हणतं? भेट त्या माणसाला जमेल अशी घ्या. नाचणारी माणसं कशावरही नाचतात. लाजणारं माणूस पहिल्या दिवशी बाजूला बसलं, तर दोन आठवड्यांत डबा माळ्यावर जातो.

पायांचा की हातांचा?

दुकानात मुख्यतः दोन जातीचे गेम दिसतील. पहिला पायांचा. जपानच्या कोनामी कंपनीने 1998 मध्ये ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ आणला, त्याची ही परंपरा. पडद्यावर बाण येतो, चटईवरच्या त्याच बाणावर तालात पाय ठेवायचा. यूएसबीची डान्स मॅट असेल तर ‘स्टेपमेनिया’ हा मोफत प्रोग्राम लॅपटॉपवर टाकून कन्सोलशिवाय खेळता येतं. शाळकरी मुलं यात रमतात, पण गुडघे दुखणाऱ्यांचं काम नाही.

दुसरा हातांचा. युबिसॉफ्टचा ‘जस्ट डान्स’ 2009 मध्ये निन्टेंडो वीवर आला. पडद्यावरचा नर्तक आरशासारखा समोर असतो, आपण त्याची नक्कल करायची. स्विचवर खेळताना गुण मिळतात ते जॉय-कॉन धरलेल्या हाताच्या हालचालीचे. पाय चुकले तरी गेमला पत्ता लागत नाही! म्हणजे आजी खुर्चीत बसूनही नातीला हरवू शकते. नवशिक्या घरासाठी मला हाच बरा वाटतो.

कोणी जुना एक्सबॉक्स 360 आणि किनेक्ट कॅमेरा स्वस्तात दाखवेल. हातात काही धरावं लागत नाही, सगळं शरीर टिपलं जातं, मजाही येते. पण एकाला टीव्हीपासून सुमारे 6 फूट आणि दोघांना 8 फूट लांब उभं राहावं लागतं. शिवाय किनेक्टचं उत्पादन 2017 मध्ये बंद झालं. वन बीएचकेच्या हॉलमध्ये सोफा रोज कोण हलवणार?

“लास्ट बताओ” म्हणण्याआधी

- स्विच घेताना ‘लाइट’ मॉडेल नको. ते टीव्हीला जोडता येत नाही आणि त्याचे जॉय-कॉनही सुटे होत नाहीत.
- ‘जस्ट डान्स 2023’पासूनच्या डब्यांत डिस्क किंवा कार्ट्रिज नसतं, फक्त डाउनलोड कोड असतो. फोडलेला डबा घेऊ नका. कोड कोणत्या देशाच्या अकाउंटवर चालेल हेही विचारा. त्यांच्याकडे चांगलं इंटरनेट नसेल तर 2022 किंवा त्याआधीची आवृत्ती बघा.
- प्लेस्टेशनवर फोनच कंट्रोलर होतो. जुनी डिस्क घेत असाल तर त्या आवृत्तीचं अ‍ॅप तुमच्या फोनवर दुकानातच जोडून बघा.
- “सौ गेम फ्री” असलेला, आतून बदललेला कन्सोल टाळा. ऑनलाइन जोडताच कंपनी तो बंदी यादीत टाकू शकते.
- जुनी वस्तू “चला के दिखाओ” म्हटल्याशिवाय घेऊ नका. एक पूर्ण गाणं खेळा. अ‍ॅडॉप्टर, केबल, दोन्ही जॉय-कॉन मोजून घ्या.
- वॉरंटी कंपनीची की दुकानाची, हे बिलावर लिहून घ्या.

पहिला सांगितलेला भाव शेवटचा नसतो. दोन-तीन दुकानं फिरा आणि मगच घासाघीस करा.

भेटीसोबत दोन शब्द

भेट देताना टीव्हीचा ‘गेम मोड’ तुम्हीच सुरू करून द्या, म्हणजे चित्र मागे पडत नाही. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून नाचू नका म्हणावं. चटई असेल तर खाली रबरी जाळी लागते. नाहीतर ती सरकते आणि खालच्या मजल्यावरचे शेजारीही वर येतात. पहिलं गाणं संथ निवडा आणि पहिला जॉय-कॉन त्या लाजणाऱ्या माणसाच्याच हातात द्या.

आणि हो, बाजारातून निघताना दुकानाचा नंबर आणि गेटचा नंबर फोनमध्ये टिपून ठेवा. या गोल बाजारात सगळ्या गल्ल्या सारख्याच दिसतात, आणि वस्तू बदलायची वेळ आली तर दुकान पुन्हा सापडायला हवं.