पॅरिसमध्ये भेटलेले रझा

पॅरिसच्या जुन्या, राखाडी दगडी घरांच्या मध्ये पाँपिदू केंद्राची इमारत एखाद्या कारखान्यासारखी उभी आहे. 1977 मध्ये ती खुली झाली, तेव्हा अनेक पॅरिसकरांनी नाके मुरडली होती. इतर इमारती जे आत लपवतात, ते इथे बाहेर काढून रंगवले आहे. निळे पाइप हवेचे, हिरवे पाण्याचे, पिवळे विजेचे, आणि माणसांना वरखाली नेणाऱ्या यंत्रणेला लाल रंग. याच इमारतीत 15 फेब्रुवारी ते 15 मे 2023 या काळात सय्यद हैदर रझा यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले होते.

आमचा प्रवास रमजानमध्ये झाला. पॅरिसमध्ये एप्रिलच्या मध्यावर सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो. रोजा लांब, पण हवा थंड, त्यामुळे तहान फारशी लागत नाही. शहरात पेन्शनच्या कायद्यावरून मोर्चे चालू होते, म्हणून मेट्रोचा अंदाज घेऊन निघावे लागे. आमच्या सोबत आमची मुलगीही होती. बारावीनंतर चित्रकला शिकायची, असे तिने ठरवले आहे. तिच्या आजोबांचा याला विरोध आहे. रंगांवर घर चालते का, हा त्यांचा पहिला प्रश्न आणि दीनमध्ये याला जागा आहे का, हा दुसरा. दोन्ही प्रश्न आम्ही सोबत घेऊनच आत गेलो.

बाहेरच्या बाजूने काचेच्या नळीतून सरकता जिना वर चढतो. एकेका मजल्याबरोबर पॅरिसची छपरे उघडत जातात. आत मात्र काही पावले टाकताच आम्ही मुंबईत होतो. रझांची सुरुवातीची जलरंगातली चित्रे पाहताना फोर्टातले रस्ते आणि पावसात पुसट झालेल्या इमारती आठवत राहतात. आजूबाजूला फ्रेंच माणसे कुजबुजत होती आणि आम्ही मराठीत बोलत होतो. ते जरा गमतीचे वाटले.

रझांचा जन्म 22 फेब्रुवारी 1922 रोजी मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावी झाला. वडील जंगल खात्यात रेंजर. नर्मदेचा काठ, घनदाट रान आणि रात्रीचा गडद काळोख हे त्यांचे बालपण. शाळेत लक्ष लागत नाही, म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे बघत बसायला सांगितले, ही आठवण ते आयुष्यभर सांगत. पुढे ते नागपूरच्या कला विद्यालयात शिकले. 1943 मध्ये शिष्यवृत्ती मिळवून मुंबईला आले, पण पोहोचायला उशीर झाला आणि जे. जे. स्कूलमधली जागाही गेली, शिष्यवृत्तीही गेली. ते परत फिरले नाहीत. छपाईचे ब्लॉक बनवणाऱ्या एका स्टुडिओत त्यांनी डिझायनरची नोकरी धरली आणि उरलेल्या वेळात चित्रे काढली. जे. जे.मध्ये प्रवेश नंतर मिळाला. आजोबांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर यात थोडेसे आहे. घर चालेल, पण आधी पोटासाठी दुसरे काम करायची तयारी हवी. मुलीने हे सगळे मुकाट्याने ऐकून घेतले.

1947 मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, हरी अंबादास गाडे आणि सदानंद बाक्रे या सहा जणांनी मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. सूझा गोव्याचे, हुसेन जन्माने पंढरपूरचे, गाडे विदर्भातले. त्याच सुमारास देशाची फाळणी झाली. रझांची भावंडे पाकिस्तानात गेली. ते स्वतः इथेच राहिले. लहानपणी मंडल्यात त्यांनी गांधीजींना पाहिले होते, आणि तो ठसा शेवटपर्यंत पुसला गेला नाही. आपल्यापैकी किती घरांत असे दोन वाटांचे किस्से आहेत! कोणाचे मामा कराचीत, कोणाची खाला लाहोरात. 1950 मध्ये रझा फ्रेंच शिष्यवृत्तीवर पॅरिसला आले, फ्रेंच चित्रकार जानीन मोंजिला यांच्याशी त्यांनी लग्न केले आणि साठ वर्षे फ्रान्समध्ये काढली. पण भारतीय नागरिकत्व त्यांनी सोडले नाही.

पॅरिसला येण्याआधी, 1948 मध्ये, काश्मीरमध्ये त्यांना प्रसिद्ध छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ भेटले होते. चित्रात रंग आहेत, पण बांधणी कच्ची आहे, सेझानचा अभ्यास करा, असा सल्ला त्यांनी दिला. रझांनी तो मनावर घेतला. एकेका दालनातून पुढे जाताना हा बदल दिसतो. आधी रेखीव घरे, मग जाड तैलरंगात विरघळणारी गावे, मग लाल, केशरी आणि काळ्या रंगांत पेटलेली जमीन. 1956 मध्ये त्यांना फ्रान्समधल्या समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. तो मिळवणारे ते पहिले परदेशी. एवढे यश मिळूनही त्यांना काहीतरी अपुरे वाटत राहिले. ते वारंवार भारतात येत राहिले, आणि सत्तरीच्या दशकाअखेरीस तो शाळेतला ठिपका चित्रात उतरला. मोठा, काळा, शांत.

या बिंदूसमोर आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो. आजोबांचा दुसरा प्रश्न इथेच उभा राहतो. सजीवांच्या चित्रांबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत. झाडे, डोंगर, इमारती आणि भूमितीच्या आकृत्यांना मात्र बहुतेकांची हरकत नाही. रझांच्या उत्तरार्धातल्या चित्रांत माणसे जवळजवळ नाहीतच. त्रिकोण, चौकोन, वर्तुळे आहेत. मुलीला त्यात मशिदीची जाळी दिसली. पण खरे सांगायचे तर रझांनी बिंदू, पंचतत्त्व हे विचार भारतीय तत्त्वज्ञानातून घेतले आणि कॅनव्हासवर देवनागरी अक्षरेही लिहिली. ते मंदिरात जात, चर्चमध्ये जात, मशिदीतही जात. हे सगळे आपल्या घरांत चालेल असे नाही, आणि चालले पाहिजे असा आमचा आग्रहही नाही. मात्र माणसाने मनापासून केलेले काम सहमतीशिवायही आदराने पाहता येते, हे मुलांना कळावे, असे आम्हांला वाटते.

साडेसातनंतर आम्ही बाहेर पडलो. इमारतीसमोरच्या उतरत्या चौकात लोक जमिनीवरच बसले होते. आम्हीही बसलो. वेळ झाली तशी खजूर आणि पाण्याने रोजा सोडला. शेजारी बसलेल्या एका अल्जेरियन कुटुंबाने गोड पोळीचा तुकडा पुढे केला. भाषा कळत नव्हती, सलाम कळला.

प्रदर्शन संपले, पण रझांची चित्रे पाहायला पॅरिसलाच जायला हवे असे नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आणि किरण नाडर संग्रहालयात ती आहेत. आजोबांशी आमचे बोलणे अजून चालू आहे. मुलीने सध्या प्रवेश परीक्षेची तयारी धरली आहे.

पत्नीच्या निधनानंतर काही वर्षांनी रझा भारतात परतले. 23 जुलै 2016 रोजी दिल्लीत त्यांचा इंतकाल झाला. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना मंडल्यात, वडिलांच्या कबरीशेजारी दफन केले गेले. नागपूरकडची कितीतरी कुटुंबे सुट्टीत कान्हाच्या जंगलात वाघ पाहायला जातात. त्या जंगलाचा काही भाग मंडला जिल्ह्यातच लागतो. तिकडे गेलात तर थोडी वाट वाकडी करा, आणि नर्मदाकाठच्या या मरहूम चित्रकारासाठी फातिहा पढून या.