दूरदर्शन तेच, सामना एकाच घरी

क्रिकेटचा मोठा सामना आला की आमच्या कुटुंबात दरवेळी हा सवाल निघतो. नांदेडला आम्ही दर महिन्याला केबलचे पैसे भरतो. लातूरला अम्मीच्या गच्चीवर दूरदर्शनची फ्री डिश आहे. छत्री आणि बॉक्सचे पैसे एकदा दिले तेवढेच. तरी दूरदर्शनवर सामना दिसतो तो अम्मीकडे. आमच्या केबलवर दूरदर्शन असतं, सामना नसतो. 19 नोव्हेंबर 2023 ला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यालाही हेच झालं. मुलं मोबाईलवर बघत बसली, तिथे तो फुकट होता.

शेजारी यावरून केबलवाल्याशी हुज्जत घालतात. पण यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही. जानेवारी 2007 मध्ये वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला, तेव्हा प्रक्षेपणाचे हक्क खासगी कंपनीकडे होते. नागपूरचा पहिला सामना दूरदर्शनवर थेट दिसला नाही. मग दिल्ली उच्च न्यायालयाने सात मिनिटं उशिराने दाखवायची मुभा दिली. सात मिनिटांत गडी बाद होऊन तंबूत पोहोचलेला असतो! पुढे वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण कंपनीने दूरदर्शनला द्यायचं. जाहिरातींच्या उत्पन्नातले 75 टक्के कंपनीला, 25 टक्के प्रसार भारतीला.

आता दुसरा कायदा 1995 चा, केबलचा. त्याच्या कलम 8 प्रमाणे दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवणं केबलवाल्याला सक्तीचं आहे. दोन्ही कायदे एकत्र आले आणि क्रीडावाहिनीचे पैसे न भरताही सामना केबलच्या घरात दिसू लागला. कंपनी न्यायालयात गेली. 22 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हे प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या ट्रान्समीटरवर आणि फ्री डिशवरच दाखवायचं, केबलवर नाही.

हक्कांसाठी कंपनीने पैसे मोजलेले असतात, तिचं म्हणणं आम्हाला पटतं. खटकतं ते वेगळंच. ज्याच्याकडे केबल आहे तो खाऊनपिऊन सुखी, असं धरून चालल्यासारखं वाटतं. आमच्या वर्गातली कितीतरी मुलं भाड्याच्या एका खोलीत राहतात. छत्री बसवायला त्यांना गच्ची कुठली? घरमालक खिळा ठोकू देत नाही. त्यांना केबलच परवडते, आणि क्रीडावाहिनीचे वेगळे पैसे काढताना आईचा घरखर्च कोलमडतो. पूर्वी साध्या अँटेनावर तरी भागायचं. आता दूरदर्शनने आपले बहुतेक जुने ट्रान्समीटरही बंद केले आहेत.

मध्यंतरी भाईजाननी अम्मीकडची छत्री काढून केबल घ्यायचं ठरवलं होतं. मालिका जास्त दिसतील, तिचा वेळ जाईल, असं त्यांचं म्हणणं. अम्मीला क्रिकेटचं काही नाही. तिने एवढंच विचारलं, "उर्दू लागेल का?" 2006 साली सुरू झालेली डीडी उर्दू ही तिची वाहिनी. आमच्या केबलवर ती कुठल्याशा तीन आकडी नंबरवर आहे, आम्हालाच शोधावी लागते. अम्मीला फ्री डिशचा नंबर पाठ आहे, चष्म्याशिवाय लावते.

छत्री राहिली. पावसाळ्यानंतर भाईजाननी तिचे नट आवळून घेतले. पुढच्या मोठ्या सामन्याला आम्ही मुलांसह लातूरला जाणार आहोत. अम्मीने आत्ताच बजावून ठेवलंय, "या खुशाल, पण मुशायरा असला तर रिमोट माझ्याकडे."