किती वाजता निघालास?

'नावड्याला राहते' असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "नावडे? म्हणजे आवडत नाही?" हा जोक मी आजवर किमान दोनशे वेळा ऐकलाय आणि प्रत्येक वेळी हसलेय. तर मंडळी, नावडे म्हणजे कळंबोलीच्या पुढे, तळोजा एमआयडीसीला खेटून, पनवेल महापालिकेतलं गाव-कम-कॉलनी. फ्लॅट परवडला आणि एक्स्प्रेस-वे जवळ, या दोनच कारणांनी आम्ही इथे आलो. नवरा हिंजवडीत, मी फ्रीलान्सर, म्हणजे लॅपटॉप उघडला की ऑफिस सुरू. तो सोमवारी पहाटे जातो, शुक्रवारी रात्री येतो. वीकेंड मॅरेज म्हणा हवं तर.

अशा लग्नात बायकोचं गणित सुधारतं. शुक्रवारी मोबाइलवर त्याच्या लाइव्ह लोकेशनचा ठिपका असतो. ठिपका किवळ्याला एक्स्प्रेस-वेवर चढतो आणि कळंबोलीला उतरतो, मधे ९४.५ किलोमीटर. एका शुक्रवारी हे अंतर ५२ मिनिटांत संपलं. मी कॅल्क्युलेटर काढला. सरासरी ताशी १०९! घाटासकट! मर्यादा सपाटीवर १०० आणि घाटात ६०. म्हणजे अगदी १००च्या काट्यावर सगळा रस्ता काढला तरी ५७ मिनिटं लागायला हवीत, घाट धरला तर आणखी जास्त. साहेबांना विचारलं तर उत्तर आलं, "अगं, कॅमेरा दिसला की मी स्लो करतो ना!"

आता बोला!

कॅमेरा दिसला की ब्रेक, मागे पडला की अ‍ॅक्सिलरेटर, हा आपला राष्ट्रीय खेळच. साधी स्पीड गन त्या क्षणाचा वेग पकडते, त्यामुळे तिच्यासमोर दोन सेकंद सज्जन झालं की पुरतं. जुलै २०२४मध्ये एक्स्प्रेस-वेवर आयटीएमएस, म्हणजे इंटेलिजंट ट्रॅफिक मॅनेजमेंट सिस्टीम सुरू झाली आणि या खेळाची मजाच गेली. तिच्यात सरासरी वेगही मोजतात. एका कमानीवरचा कॅमेरा नंबरप्लेट वाचतो, वेळ टिपतो. पुढच्या कमानीवरचा तीच प्लेट पुन्हा वाचतो. मधलं अंतर ठरलेलं. भागाकार केला की झालं. कॅमेऱ्याखालून तुम्ही बैलगाडीच्या वेगाने गेलात तरी फरक पडत नाही, कारण प्रश्न एवढाच असतो की किती वाजता निघालास आणि किती वाजता पोचलास. थोडक्यात, जे काम मी किचनच्या ओट्याशी उभी राहून फुकट करत होते, ते आता सरकारी खर्चाने होतं.

नवऱ्याला दोन हजारांचं चलन आलं तेव्हा तो दोन दिवस म्हणत होता, "पण कॅमेऱ्याखाली मी नव्वदला होतो!" मी काहीच बोलले नाही. फक्त चहा दिला.

(मशीनला प्लेट वाचता यायला हवी, ही त्यातली गोची. २१४चं 'राम' आणि ८०५५चं 'बॉस' करणाऱ्यांची कला तिला कळत नाही. एप्रिल २०१९च्या आधीच्या गाड्यांनाही हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची केली, त्याचा हाही एक फायदा.)

या रस्त्याची भीती मात्र माझ्या पिढीला चलनामुळे बसलेली नाही. भक्ती बर्वे २००१मध्ये इथेच गेल्या, हे आई सांगायची. आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे गेले ते डिसेंबर २०१२मध्ये, तेव्हा मी शाळेत होते. आमच्या घरात रात्रभर टीव्ही चालू होता. २०१६मध्ये एका वर्षात या रस्त्यावर १५१ माणसं गेली. त्याच वर्षी 'झीरो फॅटॅलिटी कॉरिडॉर'चं काम सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत आकडा निम्म्याच्या आसपास आला. आयटीएमएस यायच्या आधी, बरं का! क्रॅश बॅरिअर, दुभाजक, धोकादायक कडा झाकणं, उभ्या ट्रकवर नजर ठेवणं अशा अगदी अनग्लॅमरस गोष्टींनी. मला स्वतःला कॅमेऱ्याइतकंच त्या पत्र्याच्या बॅरिअरचं कौतुक वाटतं. तो चलन पाठवत नाही, पण गाडी दरीत जाऊ देत नाही.

आणि सगळ्यात स्वस्त टेक्नॉलॉजी तर गाडीतच असते. सासूबाई मागे बसल्या की आमचा ठरलेला संवाद.

"आई, बेल्ट लावा."

"मागे कशाला गं? मी काय गाडी चालवतेय?"

सप्टेंबर २०२२मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले, ते मागच्या सीटवर, बेल्टशिवाय. गाडी शंभरवरून एकदम थांबली तरी मागचा माणूस शंभरनेच पुढे जात राहतो, समोरची सीट आडवी येईपर्यंत. हे सांगितल्यावर आई बेल्ट लावतात, पण 'साडी चुरगळते' हे ऐकवून.

आता माझं खरं टेन्शन ऐका. एक्स्प्रेस-वे संपतो कळंबोलीला. पुढे नावड्यापर्यंतचा मुंब्रा-पनवेल रस्ता. तिथे जेएनपीटीचे कंटेनर, तळोज्याचे टँकर आणि कळंबोलीच्या लोखंड बाजारातून निघालेले ट्रेलर. गाडीबाहेर सळ्या लोंबत ठेवायला २०१४पासून कायद्याने बंदी आहे, पण अंधारात समोर काय लोंबतंय हे कायद्याला दिसत नाही. टेललाइट नाही, रिफ्लेक्टरवर चिखल, कडेला झोपलेला ट्रेलर. ट्रॅफिकमध्ये वेग जेमतेम वीस-पंचवीस. म्हणजे सरासरी मोजणाऱ्या मशीनने या पट्ट्याला पैकीच्या पैकी मार्क दिले असते! इथे वेगाचा गुन्हा होतच नाही. इथे लागतो रस्त्यावर दिवा, ट्रकच्या पाठीवर लाल टेप आणि ट्रक उभे करायला जागा. यातलं काहीच 'इंटेलिजंट' नाही, म्हणून त्याचं उद्घाटनही होत नसावं.

नवरा हल्ली किवळे ते कळंबोली सव्वा तास घेतो. घाटात गाणी ऐकतो म्हणे. त्या सव्वा तासात मी एक लेख निवांत संपवते, मोबाइलकडे बघतही नाही. ठिपका कळंबोलीला उतरला की मात्र बघायला लागते. तेव्हाही कुकर लावत नाही. नावडे फाटा ओलांडला की लावते.