विराम : कोरी चौकट

माझ्या बी.एड.च्या फाइलमध्ये एक निरीक्षण तक्ता आहे. महिना डिसेंबर २०१९, कौशल्य 'चेतक बदल'. डाव्या रकान्यात घटक लिहिलेत : हालचाल, हावभाव, आवाजातला चढउतार, विराम वगैरे. उजवीकडे निरीक्षकाने ओढलेल्या उभ्या रेघा. हालचालीपुढे नऊ, हावभावापुढे सात. 'विराम' या शब्दापुढे काहीच नाही. शून्यसुद्धा नाही, नुसती कोरी चौकट.

तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं. सूक्ष्म अध्यापनाचा पाठ असतो सहा मिनिटांचा. मग सहा मिनिटं प्रत्याभरण, बारा मिनिटं पुन्हा आखणी, परत सहा मिनिटं पाठ आणि परत सहा मिनिटं प्रत्याभरण. सगळं मिळून छत्तीस मिनिटं. समोर विद्यार्थी म्हणून बसलेले आपलेच वर्गमित्र असतात, तेही बावीस-तेवीस वर्षांचे. मी एक्केचाळीसची. ती पोरं मला 'ताई' म्हणायची आणि पाठात सहावीतल्या मुलांसारखे हात वर करायची. अशा वेळी सहा मिनिटांतली दहा सेकंदं गप्प राहण्यात कोण घालवेल? मी धडाधडा प्रश्न विचारले, धडाधडा उत्तरं घेतली. नाही आली तर स्वतःच देऊन टाकली.

त्याआधी सतरा वर्षं मी दापोलीतल्या एका पतपेढीत काउंटरवर होते. तिथे थांबण्याचा मला कधी कंटाळा आला नाही. एखादे आजोबा नोटा तीनदा मोजायचे, चौथ्यांदा थुंकी लावून पुन्हा सुरू करायचे, आणि मागे रांग असली तरी मी त्यांना 'चला आटपा' म्हटल्याचं आठवत नाही. त्यांचं मोजणं मला दिसत होतं ना! विचार करणाऱ्या मुलाच्या बोटांत मात्र नोटा नसतात. त्याचं मोजणं बाहेरून नुसत्या गप्प बसण्यासारखंच दिसतं.

मार्च २०२०मध्ये कोरोनामुळे कॉलेज बंद झालं. ३ जूनला निसर्ग वादळ आलं. वाडीतल्या पोफळी काड्यांसारख्या मोडल्या, पडवीवरची कौलं उडाली, आणि आमच्याकडे तेवीस दिवस वीज नव्हती. त्या काळात 'ऑनलाइन शिक्षण' हा शब्द ऐकला की हसू यायचं. फोन चार्ज करायला नवरा मोटरसायकलवरून गावात जायचा, तिथे कुणाच्या तरी जनरेटरवर रांग लावून यायचा. त्या चार्जिंगवर शैक्षणिक मानसशास्त्र शिकायचं!

जुलैमध्ये तासिका सुरू झाल्या. घरात फोन एकच चांगला, आणि मुलगा दहावीला. वाटणी अशी ठरली : सकाळ त्याची, दुपार माझी. रेंज फक्त गोठ्यामागच्या आंब्याखाली. पावसात एका हातात छत्री, मांडीवर वही, आणि फोन तांदळाच्या रिकाम्या डब्याला टेकवलेला. सासूबाई येऊन विचारायच्या, "कोणाशी बोलतेस गं?" मी म्हणायची, "वर्गात आहे." त्या एकदा गोठ्याकडे बघायच्या, एकदा माझ्याकडे.

या वयात विद्यार्थी होणं अवघड असतं ते अभ्यासामुळे नाही. अभ्यास जमतो, उलट वाचलेलं कुठे ना कुठे जाऊन चिकटतं, कारण आत चिकटायला बरंच काही साठलेलं असतं. अवघड असतं ते पोराकडून शिकणं. "आई, म्यूट काढ." "आई, तू स्वतःच्या कपाळाला कॅमेरा लावलायस." एकदा पाठाच्या सरावाला मी पाटीवर 'ऋण' लिहून कॅमेऱ्यासमोर धरली. पडद्यावर अक्षरं उलटी दिसली. म्हणून हुशारीने पुसून पुन्हा उलटी लिहिली. आता मला सुलट दिसायला लागली आणि गटातल्या सगळ्यांना उलटी. आपल्याला दिसतो तो आरसा असतो, समोरच्याला सरळच दिसत असतं, हे मुलाने हसू आवरत समजावलं. पुढे महिनाभर ती पोरं मला 'णऋ ताई' म्हणत होती.

ऑगस्टमधली एक तासिका मात्र हसण्यावारी नेता आली नाही. प्राध्यापकांनी माझं नाव घेऊन प्रश्न विचारला. माझा कॅमेरा बंद होता. खरं सांगायचं तर मी लसूण सोलत होते. पण ऐकतही होते, आणि उत्तर मला येत होतं. हात पुसले, छत्री खांद्यात धरली, फोन उचलला, म्यूटचं चिन्ह शोधलं. तोवर सर म्हणाले, "ठीक आहे, नेटवर्क नसेल," आणि पुढच्या नावाकडे गेले. माझं "सर…" दोन नावांच्या मधल्या हवेत विरून गेलं. सरांचा दोष म्हणावा असं काही नव्हतं, त्यांच्यासमोर पंचावन्न काळ्या चौकटी होत्या. पण दिवसभर घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. बेचाळिसाव्या वर्षी आंब्याखाली बसून मला सहावीतलं ते मूल कळलं, ज्याला उत्तर येत असतं पण तोंड उघडायला वेळ लागतो.

त्याच सत्रात मेरी बड रो यांच्याविषयी वाचायला मिळालं. या अमेरिकी विज्ञान-शिक्षणतज्ज्ञ बाईंनी वर्गातलं बोलणं टेपवर घेतलं आणि घड्याळ लावून मोजलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी किती थांबतो? जेमतेम एक सेकंद. मग स्वतःच बोलतो, किंवा दुसऱ्याला विचारतो. हाच वेळ तीन सेकंदांवर नेला तर मुलांची उत्तरं लांबतात, 'माहीत नाही' कमी होतं, एरवी गप्प असणारी मुलं बोलायला लागतात. तीन सेकंद! मी फाइल काढून तो जुना तक्ता पाहिला.

वाचून माणूस सुधारतो असं मात्र काही नाही. दिवाळीनंतर आंतरवासितेचे पाठ सुरू झाले. सहावीचा वर्ग, पटावर एकतीस, फोनवर हजर अकरा. बाकीच्यांपैकी कुणाचा फोन वडिलांबरोबर हर्णैला बोटीवर, कुणाचा डेटा संपलेला, कुणाकडे फोनच नाही. तेव्हा आम्ही परीक्षेसाठी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांच्या कुरणशाळेवर टिपणं काढत होतो : मुलं गुरं राखायला रानात जातात तर शाळाच रानात न्यायची. ऑनलाइन वर्ग म्हणजे याचंच आधुनिक रूप, असं आमच्यातल्या एकाने उत्तरात लिहिलं आणि त्याला गुणही मिळाले. मला ते मुळीच पटलं नव्हतं. कुरणात गेलेल्या बाईंना मुलाच्या पायातला काटा दिसत असणार. मी अकरा घरांत शिरले होते आणि मला एकही घर दिसत नव्हतं.

पाठ होता पूर्णांक संख्यांची तुलना. हा घटक मी हट्टाने मागून घेतला होता. पतपेढीतल्या बाईला ऋण संख्या शिकवायला मिळणं म्हणजे माहेरी जाण्यासारखंच. ऋण म्हणजे देणं, शब्दातच सगळं आलं. संख्यारेषा पुठ्ठ्यावर काढली होती, सुलट. प्रश्न टाकला, "उणे पाच आणि उणे तीन, यातली मोठी संख्या कोणती?" सवयीप्रमाणे पुढची सूचना जिभेवर होतीच, "बघा बरं, संख्यारेषेवर उजवीकडे कोण आहे?" तेवढ्यात पडद्यावर ते गोल फिरणारं चक्र आलं. मी बोलत होते, पण कुणाला ऐकू जात नव्हतं. मी गप्प बसले. करणार काय? मनात आकडे मोजले. सात, आठ, नऊ. वर आंब्यात कावळा ओरडत होता.

रेंज परतली तेव्हा वर्ग माझ्याशिवाय चालू होता.

"पाच मोठा ना. पाच."

"नाही रे, उणे आहे."

"उणे असला म्हणून काय झालं?"

मग एक आवाज, त्या सत्रात मी पहिल्यांदाच ऐकलेला : "ज्याला तीन रुपये देणं आहे तो बरा. पाचवाला जास्त बुडालाय. म्हणून उणे तीन मोठी."

देण्याचं उदाहरण मी अजून दिलंच नव्हतं. ते माझ्या टाचणात पुढच्या पायरीवर होतं, तांबड्या शाईत. त्याने ते स्वतःच काढलं, त्या नऊ सेकंदांत, आणि माझी लुडबुड मध्ये आली नाही ती केवळ टॉवरच्या कृपेने.

मी आनंदाने ओरडलेच, "शाब्बास! अगदी बरोबर!" आणि तिथे पुन्हा चुकले. 'पाच मोठा' म्हणणारा मुलगा त्यानंतर तासभर बोलला नाही. रो बाईंनी दुसराही एक विराम सांगितला आहे, उत्तर आल्यानंतरचा. बरोबर की चूक हे लगेच न सांगता थांबायचं, म्हणजे दुसरं मूल त्यात काही घालतं, तिसरं वाद घालतं. मी थांबले असते तर त्या पोराने कदाचित आणखी दोनदा "पण का?" विचारलं असतं आणि त्याचं त्यालाच कळलं असतं. माझ्या शाब्बासकीने त्याचा प्रश्न मिटवून टाकला. पहिला विराम रेंजने शिकवला. दुसरा माझा मलाच शिकावा लागला, आणि तो अजून दर दोन दिवसांनी हातून सुटतो.

पुढच्या पाठांपासून मी बोटांच्या पेरांवर मोजायला लागले. एका बोटावर तीन पेरं, म्हणजे एक बोट पुरेसं. पतपेढीत व्याजाचे महिने असेच मोजायची. ऑनलाइन वर्गात तीनने भागायचं नाही. आवाज पोचायला, म्यूट काढायला, धाकट्या भावाला गप्प करायला वेळ लागतो. तिथे तीन बोटं लागायची. निरीक्षण करणारे सर एकदा म्हणाले, "मधे मधे तुमचा आवाज जातोय, नेटवर्क बघा." मी "हो सर" म्हटलं.

आता मी प्रत्यक्ष वर्गात शिकवते. समोर बाकं, खडू, फळा, आणि फळ्यावरचं अक्षर दोन्ही बाजूंना सारखंच दिसतं. परवा सातवीच्या वर्गात प्रश्न विचारला, हात पदराखाली नेला आणि पेरं मोजू लागले. पहिलं बोट संपलं. दुसरं सुरू केलं. एका मुलीचा हात अर्धा वर आला, पुन्हा खाली गेला. वर्गात पंखा तेवढा वाजत होता. मग शेवटच्या बाकावरून कुजबुज आली, "ए, बाई हँग झाल्या."