हत्तीचा पाऊस, हरणांचं रान

लोणावळा झालं, महाबळेश्वर झालं, कासची फुलंही झाली. आता जरा सह्याद्रीच्या पाठीमागे, पावसाच्या सावलीत चला. कडेगाव तालुक्यातलं साडेतीन एकरांचं शेत, शेजारी माणसांनी वसवलेलं अभयारण्य आणि दोघांच्या मधे तारेचं एक कुंपण!

‘या वीकेण्डला कुठे?’ या प्रश्नाची ऑफिसातली उत्तरं ठरलेली असतात. लोणावळा, अलिबाग, महाबळेश्वर आणि फारच धाडस केलं तर तारकर्ली. कडेगावचं नाव त्यात कधीच येत नाही. सांगली-साताऱ्याकडच्या मंडळींना ते मोहरमच्या उंचच उंच ताबुतांमुळे माहीत असतं. तिथले ताबूत हिंदू-मुस्लिम मिळून उचलतात, हेही ते अभिमानाने सांगतात. बाकीच्यांसाठी मात्र कडेगाव म्हणजे कऱ्हाड-विटा रस्त्यावरचा एक फलक. दिसला, गेला!

पण ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दोन रात्री हाताशी असतील, मोबाइलच्या रेंजवाचून जीव कासावीस होत नसेल आणि आभाळाकडे बघत बसायची हौस असेल, तर हा तालुका भन्नाट आहे. मी गेले ती देवराष्ट्र्याजवळच्या एका शेतावर. पुण्यात आयटीत काम करणाऱ्या मैत्रिणीच्या आजोबांचं हे शेत. त्यांना सगळा गाव आबा म्हणतो, त्यामुळे मीही आबाच म्हणायला लागले.

पंचांगातलं प्राणिसंग्रहालय

आधी पावसाचं गणित. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिकामे होतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो तो त्यामुळेच. डोंगर ओलांडून पूर्वेला उतरणारी हवा गरम आणि कोरडी होत जाते. कडेगावपर्यंत पोचेस्तोवर हिशेब पाचसहाशे मिलिमीटरच्या आसपास येतो. नकाशावर सरळ रेषेत अंतर साधारण शंभर किलोमीटर. जुलैत महाबळेश्वरला छत्री उलटी होत असते, तेव्हा इथे नुसता वारा सुटलेला असतो आणि ढग डोक्यावरून पुढे धावत असतात. ‘पाहुण्यासारखं येत्यात, चहालासुदिक थांबत न्हाईत,’ हे आबांचं वर्णन.

इथला भरवशाचा पाऊस म्हणजे परतीचा. सप्टेंबरच्या शेवटाला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला दुपारपर्यंत कडक ऊन, तीन-चारच्या सुमारास फुलकोबीसारखे फुगत गेलेले ढग आणि संध्याकाळी गडगडाट. हस्त नक्षत्राचा म्हणून हा ‘हत्तीचा पाऊस’. त्याच्या ओलीवर रब्बीची ज्वारी, म्हणजे शाळू, उभा राहतो. पुढे थेंब नाही पडला तरी काळी जमीन आणि थंडीतलं दव त्याला तारून नेतं.

आबांच्या घरात खुंटीला पंचांग लटकलेलं असतं. त्यात प्रत्येक पावसाळी नक्षत्राला एक वाहन दिलेलं असतं. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर पाणीच पाणी, कोल्हा नाहीतर मेंढा असेल तर ओढ. आबा ते वाचतात, शिवाय मोबाइलवर हवामानाचा अंदाजही बघतात आणि मग बाहेर येऊन मुंग्यांकडे बघतात. तिघांपैकी दोघांचं जुळलं की पेरणीचा निर्णय! कावळ्याने घरटं आंब्यावर केलं की पाऊस चांगला आणि बाभळीवर केलं की तुटीचा, हा ठोकताळा मारुती चितमपल्लींच्या लिखाणामुळे शहरातल्या वाचकांपर्यंत पोचला. इथे तो आजही चावडीवरच्या गप्पांत आहे. शास्त्राच्या कसोटीवर तो किती टिकेल, हा वाद बाजूला ठेवू. पण त्यानिमित्ताने झाडावरच्या घरट्याकडे माणूस वर बघतो, हे काय कमी आहे?

हिरवी झालेली टेकडी

शेताच्या उत्तरेला उभं राहिलं की सागरेश्वरचे डोंगर दिसतात. आज तिथे दाट झाडी आहे. गंमत अशी, की हे जंगल आपोआप उगवलेलं नाही. चराई आणि तोडीने बोडके झालेले हे डोंगर पुन्हा हिरवे करायचा ध्यास मोहित्यांचे वडगावच्या वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी घेतला. झाडं लावली, जगवली, कुंपण घातलं, हरणं आणून सोडली. १९८५ साली या रानाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र अवघं १०.८७ चौरस किलोमीटर, म्हणजे जेमतेम २,७०० एकर. ताडोबाच्या तुलनेत खिशातला रुमालच! पण दुष्काळी पट्ट्यात माणसांनी ठरवून उभं केलेलं अभयारण्य म्हणून त्याची ऐट वेगळी आहे.

आत सांबर, चितळ, काळवीट आहेत, शिवाय रानडुक्कर, साळिंदर, कोल्हा, तरस. मोर तर विचारूच नका. फक्त ऑक्टोबरात गेलात तर पिसाऱ्याची अपेक्षा ठेवू नका. पावसाळा सरता सरता मोर पिसं गाळतात, त्यामुळे या दिवसांत ते परीक्षेला बसलेल्या मुलांसारखे ओशाळवाणे फिरत असतात. किर्लोस्कर पॉइंटवरून खाली कृष्णेचं खोरं दिसतं. उसाच्या हिरव्या चौकटी आणि मधून वळत गेलेली नदी. डोंगराच्या पायथ्याला सागरेश्वराची जुनी दगडी मंदिरं आहेत. छोट्या-छोट्या देवळांचा तो समूह, भोवतीची शांतता आणि गाभाऱ्यातला गारवा... एसीची आठवण येत नाही.

रात्रीचे पाहुणे

आता खरी गोष्ट. दिवसा आपण ज्या सांबराचा फोटो काढतो, ते रात्री आबांच्या शेतात जेवायला येतं.

कुंपण आहे, पण डोंगरउतारावर किलोमीटरच्या किलोमीटर गेलेली तार कुठे ना कुठे ढिली होतेच. पावसात माती वाहून जाते, ओघळ पडतो, तेवढी फट पुरते. सांबर अंधार पडल्यावर चरायला निघतं आणि चितळ पहाटे-संध्याकाळी. आत हरणांची संख्या आटोक्यात ठेवायला वाघ नाही. बाहेर मात्र कोवळी ज्वारी, सोयाबीन आणि उसाचा लुसलुशीत पाला. तुम्हीच सांगा, तुम्ही कुठे जेवला असता?

शनिवारी रात्री मी आबांबरोबर माळ्यावर बसले होते. चार खांबांवर फळ्या, वर पत्रा आणि खाली शेकोटी. पाऊस नऊच्या सुमारास थांबला होता. बेडकांचा एकसुरी कोरस चालू होता. साडेअकराला तो एका कोपऱ्यात एकदम बंद पडला. आबांनी काही न बोलता बॅटरी त्या दिशेला धरली. अंधारात हिरवट डोळ्यांच्या सात जोड्या! एक मोठा नर, शिंगांवर पावसाचं पाणी चमकत होतं. मी श्वास रोखून बसले. आयुष्यात बघितलेल्या सुंदर गोष्टींपैकी ती एक होती, यात वाद नाही.

आबांनी पत्र्याचा डबा बडवला. कळप उड्या मारत निघून गेला. सकाळी बघितलं तर भुईमुगाचा चांगला गुंठाभर तुकडा तुडवलेला होता आणि पलीकडे रानडुकरांनी नांगरल्यासारखी जमीन उकरलेली.

‘तुला लय भारी वाटलं आसंल पोरी,’ आबा म्हणाले. ‘मलाबी वाटतं. पर रोज वाटून कसं चालंल?’

आबा बहात्तर वर्षांचे आहेत. सुगीच्या दिवसांत महिना-दीड महिना रात्री ते असेच जागतात. नुकसानीची भरपाई सरकारी नियमात आहे. त्यासाठी लगेच तक्रार द्यायची, पंचनामा करून घ्यायचा, कागद जोडायचे. पैसे मिळतात, पण झोपेची भरपाई कोणत्या रकान्यात लिहायची?

पाणी आलं, मागोमाग बाकीचे आले

इथली कहाणी नुसती ‘माणूस विरुद्ध जनावर’ अशी नाही. पाण्याने ती बदलली. टेंभू आणि ताकारी या उपसा सिंचन योजनांनी कृष्णेचं पाणी पंपांनी उचलून या चढावर आणलं. ज्या रानात हुलगा-मटकी होत होती तिथे ऊस आला, द्राक्षं आली, हळद आली. उसाने घरावर स्लॅब पडले, पोरं पुण्यात शिकली. माझी मैत्रीण त्यातलीच एक.

पण दहा-बारा महिने उभा राहणारा ऊस म्हणजे जनावरांच्या दृष्टीने जंगलच. सावली, ओल, आडोसा, उंदीर-डुकरांची शिकार. कऱ्हाड, वाळवा, शिराळ्याकडच्या उसात बिबट्या पिल्लं घालतो आणि तोडणीच्या हंगामात मजुरांना ती सापडतात. मग वनखात्याची माणसं पिल्लं तिथेच ठेवून आई परत येण्याची वाट बघतात. या भागात आता कुणी संध्याकाळी उसाच्या कडेने एकट्या पोराला पाठवत नाही.

हवामानाचे लहरी फटके वेगळेच. ११ एप्रिल २०१६ ला तहानलेल्या लातूरसाठी पाण्याची रेल्वे निघाली, ती याच जिल्ह्यातल्या मिरजेहून. त्याच सांगली जिल्ह्यात ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात जत-आटपाडीकडे टँकर फिरत होते! एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षात. अशा ठिकाणी साडेतीन एकर सांभाळणं म्हणजे शेअर बाजारात रोज सगळे पैसे लावण्यासारखं आहे.

फॉरेस्ट व्ह्यू, एक एकर

रविवारी दुपारी मैत्रिणीचे बाबा आणि काका आले. विषय होता कुंपणाला लागून असलेल्या एका एकराचा. पुण्याच्या एका पार्टीला ती जमीन हवी आहे. फार्महाऊससाठी. ‘फॉरेस्ट व्ह्यू’ आहे ना! (महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला मुळात शेतकरी असावं लागतं, हे तुमच्यापैकी ज्यांच्या डोक्यात तो विचार आला त्यांच्यासाठी.) काकांचं म्हणणं सरळ होतं. राखणीला माणूस मिळत नाही, आबांचं वय झालं, त्या एकरातलं निम्मं पीक हरणं खातात, मग ठेवायची कशाला?

मैत्रीण म्हणाली, ‘विकायची नाही.’

काकांनी विचारलं, ‘राखणीला तू येणार का?’

ती गप्प बसली. मीही. वीकेण्डला गावाकडे येऊन मोकळी हवा घेणाऱ्या आपल्या सगळ्यांनाच तो प्रश्न होता.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आजींनी चहा आणला आणि उभ्याउभ्याच सांगितलं, की यंदा शाळू पेरायचा, ओल चांगली आहे, ती वाया घालवायची नाही. उन्हाळ्यात त्या एकरात हळद लावायची. हळदीला हरणं फारशी तोंड लावत नाहीत, हे त्यांनी शेजारच्या वावरात दोन वर्षं बघून ठेवलं होतं. डुकरांसाठी वेगळा विचार करावा लागेल. आणि तुडवलं तर त्याच दिवशी फोटो काढून तक्रार टाकायची, हे काम मोबाइलवरून पुण्यात बसून होतं का बघा.

‘होतं,’ मैत्रीण म्हणाली. ‘फोटो काढून मला पाठवा, पुढचं सगळं मी करते.’

काका हसले, पण नाही म्हणाले नाहीत. पार्टीला मार्चपर्यंत थांबायला सांगायचं ठरलं. आबांनी चर्चेत भाग घेतला नव्हता. ते बांधावर टिचकी मारत चालणारा एक धोबी पक्षी बघत होते. थंडीचा हा पहिला पाहुणा, उत्तरेकडून इतक्या लांबून येतो. ‘ह्यो आला म्हंजी पाऊस संपत आला,’ ते म्हणाले. ‘सोमवारी पेरा.’

सोमवारी सकाळी मी कऱ्हाडची एसटी पकडली तेव्हा शेतात पाभर चालू होती.

कसं जाल? काय बघाल?

• पुण्याहून कऱ्हाड साधारण १६० किलोमीटर. तिथून विट्याच्या रस्त्याने कडेगाव आणखी तीसेक किलोमीटर. रेल्वेने जायचं तर पुणे-मिरज मार्गावरचं ताकारी स्टेशन सागरेश्वरला जवळ. सगळ्या गाड्या थांबत नाहीत, आधी बघून घ्या.

• सर्वांत छान काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी. परतीचा पाऊस अनुभवायचा तर ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. दुपारनंतर विजा होतात, तेव्हा माळरानावर किंवा झाडाखाली थांबू नका.

• देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. १२ मार्च १९१३ रोजी ते इथे, आजोळी जन्मले. ते साधंसं घर जरूर बघा.

• पक्षीवेडे असाल तर थंडीत साताऱ्याच्या हद्दीत मायणी आणि येरळवाडीकडे वाकडी वाट करा. पाणी जमलेलं असेल तर रोहित पक्षी दिसतात. २०२१ मध्ये या तलावांना पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला.

• अभयारण्यात पहाटे जा, मोठ्याने बोलू नका, हरणांना काही खायला घालू नका. माणसाच्या हातचं खायची सवय लागलेलं हरीण उद्या कुणाच्या तरी शेतात शिरतं.

• आणि कुंपणात फट दिसली, तर फोटो काढून गेटवरच्या कर्मचाऱ्याला दाखवा. पलीकडे कुणीतरी रात्रभर जागत असतं.