मुलुंडचा पासवर्ड

२०२५ सालच्या मे महिन्याच्या ५ तारखेला स्काइप बंद झालं. आमच्या घरात आता कुणी ते वापरत नव्हतं, त्यामुळे बातमी वाचून आम्ही पान उलटलं. पण त्याच आठवड्यात कपाट आवरताना अब्बांच्या कागदपत्रांच्या डब्यातून एक फोन निघाला. पांढरा, हलका, सिमकार्डाला जागाच नसलेला. त्याच्याबरोबर घडी घातलेला एक कागद होता. लाइट बिलाच्या पाकिटाची मागची बाजू, आणि तिच्यावर थरथरत्या अक्षरात लिहिलेला पासवर्ड.

आम्ही दोघं भाऊ बराच वेळ तो कागद बघत बसलो. मग थोरल्यानं विचारलं, "आंब्याची पेटी कितीला आहे यंदा?"

पेटी विकत घ्यावी लागली नाही. दापोलीहून गावच्या झाडाचे आंबे आलेच होते. रविवारी सकाळी त्यातले तीन डझन निवडले, गवतात भरले आणि अंधेरीच्या जुहू गल्लीतून निघालो मुलुंडला.

अंधेरी ते घाटकोपर हा प्रवास आता फार सोपा झाला आहे. ८ जून २०१४ ला मेट्रो सुरू झाली, त्याआधी हेच अंतर बेस्टच्या बसनं जायचं म्हणजे साकीनाक्याला तासभर घाम पुसायचा. आता चकाला, एअरपोर्ट रोड, मरोळ नाका अशी स्टेशनं भराभर मागं पडतात, आणि असल्फा आलं की डोंगरावरची रंगीत घरं बघायला लहान मुलं काचेला नाक लावतात. आमच्या समोर बसलेला मुलगा कुणाशी तरी व्हिडिओवर बोलत होता. पलीकडच्या आईला तो काचेबाहेरची निळी-पिवळी घरं दाखवत होता. फोन लावण्यासाठी एके काळी आम्हाला कुठं कुठं उभं राहावं लागलं, हे त्याला सांगितलं असतं तर तो हसला असता.

आमचे भाईजान १९९४ ला शारजाला गेले. तेव्हा गल्लीच्या तोंडाशी पिवळ्या पाटीचा एसटीडी-आयएसडी बूथ होता. काचेच्या कपाटाएवढी ती खोली, आत एक स्टूल, आणि डोक्यावर लाल आकड्यांचा मीटर. अब्बांनी गोदीत तीस वर्षं नोकरी केली, पैशाचा हिशेब हाडात मुरलेला. सलाम, तब्येत, पाऊस, खुदा हाफिज. त्यांची नजर आकड्यांवरून हलायची नाही. दोन मिनिटं व्हायच्या आत रिसीव्हर खाली. मनातलं बोलायचं असेल तर कॅसेट भरायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर पाठवायची. आखातात माणूस असलेल्या कितीतरी कोकणी घरांत तेव्हा अशा कॅसेटी होत्या.

१ एप्रिल २००२ पासून सरकारनं इंटरनेटवरून परदेशी फोन करायला परवानगी दिली. व्हीएसएनएलची परदेशी कॉलची मक्तेदारीही त्याच सुमारास संपली. अंधेरी स्टेशनबाहेरच्या सायबर कॅफेंत हेडफोन लटकू लागले. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये स्काइप आलं, पण त्याला कॉम्प्युटर लागायचा आणि अब्बा काही कॉम्प्युटरसमोर बसायचे नाहीत. मग २००७ मध्ये, लग्न होऊन इंग्लंडात बर्मिंगहॅमला गेलेल्या आपानं एका नातेवाइकाबरोबर हा पांढरा फोन पाठवला. कॉम्प्युटर नको, सिम नको. घरात वायफाय असलं की झालं. आम्ही एमटीएनएलचं ब्रॉडबँड घेतलं होतंच, त्याला लॅमिंग्टन रोडवरून आणलेला राउटर जोडला. आपा आणि अब्बा, दोघांकडे स्काइप, त्यामुळे बोलणं फुकट.

पहिल्या दिवशी अब्बांनी सवयीनं दोन मिनिटांत फोन ठेवायला घेतला. आपा तिकडून ओरडली, "अब्बा, मीटर नाही याला!"

त्यांना ते खरं वाटायला आठवडा लागला. नंतर मात्र ते खिडकीशी बसून तासतासभर बोलू लागले. गावची विहीर, काजूचा मोहर, अम्मी सांदण करायची त्यात नारळाचं दूध किती. आमच्या अब्बांकडे सांगण्यासारखं इतकं काही आहे, हे आम्हालाही तेव्हाच कळलं.

त्या फोनला खोडीही होत्या. असा फोन आपला आवाज बारीक तुकड्यांत चिरून पाठवतो. वाटेत काही तुकडे हरवले तर पुन्हा मागवत नाही, कारण तोवर बोलणं पुढं गेलेलं असतं. म्हणून मधेच माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटतं. लाइट गेली की राउटर गेला आणि फोनही गेला. साध्या लँडलाइनला वीज एक्स्चेंजमधूनच तारेतून यायची, त्यामुळे ती अंधारातही चालायची. आणि पोलिसांना किंवा ॲम्ब्युलन्सला बोलवायला हा फोन चालत नसे. अम्मी म्हणायची, हा फोन सुखाचा आहे, गरजेचा नाही.

घाटकोपरला मेट्रोतून उतरून सेंट्रलच्या फलाटावर जायला पूल आहे. रविवार असूनही गर्दी तीच. पेटी डोक्यावर धरून आम्ही ठाणे लोकल पकडली. विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, नाहूर, मुलुंड.

२००९ च्या फेब्रुवारीत अब्बा मुलुंडच्या एका हॉस्पिटलात होते. हृदयाचं दुखणं. आपाला बाळ होऊन महिना झाला होता, तिला येणं शक्य नव्हतं. मोबाइल होता, पण त्यावर परदेशी फोन आला की अब्बांच्या डोक्यात तो लाल मीटर सुरू व्हायचा. "तुझे पैसे जातायत," म्हणून ते कापायचे. पांढरा फोन आम्ही बरोबर घेऊन गेलो. वॉर्डात काही मिळालं नाही, पण दुसऱ्या मजल्याच्या जिन्यातल्या खिडकीशी चार नावं दिसली. तिघांवर कुलपाचं चिन्ह होतं, एक उघडं होतं. दोन दिवस अब्बांना व्हीलचेअरवरून तिथं आणून आम्ही बोलणं करून दिलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "हे वायफाय कुणाचं?"

आम्ही म्हटलं, समोरच्या कुठल्या तरी बिल्डिंगमधलं असेल, उघडंच आहे.

"दार उघडं दिसलं म्हणून कुणाच्या घरात शिरतात का?" त्यांनी फोन आमच्या हातात दिला. "विचारून या. नाही म्हणाले तर नाही."

आता त्या वेळेची मुंबई आठवा. आधीच्या वर्षी २६ जुलै, २३ ऑगस्ट आणि १३ सप्टेंबरला दहशतवाद्यांनी धमकीचे ईमेल पाठवले होते, तेही सानपाडा, माटुंगा आणि चेंबूरमधल्या बेसावध लोकांच्या उघड्या वायफायवरून. मग २६ नोव्हेंबर झाला, आणि हल्लेखोर इंटरनेट फोनवरून आपल्या सूत्रधारांशी बोलत होते हे सगळ्यांनी वाचलं. जानेवारीत मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय शोधून लोकांना सावध करायला सुरुवात केली. ते करायलाच हवं होतं. पण त्याच महिन्यांत आम्ही दोघं, एक दाढीवाला आणि एक टोपीवाला, हातात कुणी कधी न पाहिलेला फोन घेऊन मुलुंडच्या बिल्डिंगींखालून फिरत होतो. डोळे पडद्यावरच्या काड्यांवर. इथं दोन काड्या, तिथं तीन.

जाऊ नये, असं आम्हा दोघांनाही वाटत होतं. अब्बांना "विचारलं" म्हणून खोटं सांगून टाकावं, असंही आम्ही एकमेकांत बोललो. ते आज लिहिताना बरं वाटत नाही.

तिसऱ्या बिल्डिंगच्या वॉचमननं हटकलं. वरच्या गॅलरीतून कुणीतरी खाली वाकून काय चाललंय विचारलं. एक गृहस्थ उतरून आले, ओळखपत्रं मागितली, उलटसुलट पाहिली. फोन हातात घेतला, सिम कुठं आहे विचारलं. सिम नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला. चार-पाच माणसं जमली. हॉस्पिटलचा कागद दाखवला तरी कुणी नीट पाहीना. "तुम्ही आधी इथून निघा," एवढंच.

तळमजल्याच्या दारातून एक वयस्कर गुजराती काका हे सगळं ऐकत होते. ते पुढं आले आणि म्हणाले, "वायफाय माझं आहे. मुलगा न्यू जर्सीला असतो, त्यानं बसवून दिलंय, त्याच्याशी बोलायला. यांना काय पाहिजे ते मला तर विचारू द्या." आम्ही सांगितलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले: वडिलांना काय झालंय, आणि मुलगी किती दिवस भेटली नाही.

मग म्हणाले, केबलवाला सांगून गेलाय की आता कुलूप लावा. मुलगा आज रात्री फोनवरून सांगेल तसं मी लावणार. उद्या सकाळी या.

सकाळी गेलो तेव्हा त्यांनी पाकिटाच्या पाठीवर पासवर्ड लिहून ठेवला होता. नातवाचं नाव आणि जन्मसाल. असा पासवर्ड ठेवू नये हे आज शाळेतलं पोर सांगेल. आकड्यांच्या बटनांवरून अक्षरं टाकायची, एस हवा तर सातचं बटन चारदा दाबायचं. जिन्यात उभं राहून ते जमवायला आम्हाला पाव तास लागला. चारही नावांवर आता कुलूप होतं, आणि एकाची किल्ली आमच्याकडे होती. अब्बांनी कागद हातात घेऊन वाचला, घडी घालून खिशात ठेवला, आणि मग आपाशी चाळीस मिनिटं बोलले. आपानं बाळाला फोनजवळ धरलं होतं. अब्बांनी त्याच्यासाठी दुआ पढली, त्याच्या रडण्यावर हसले.

घरी आल्यावर ते म्हणाले, "आंबे निघाले की त्या माणसाला पेटी द्या." त्याच मे महिन्यात अब्बा गेले. त्या वर्षी आंब्यांचं कुणाला सुचलं नाही. पुढच्या वर्षी लाज वाटली, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. अशी सोळा वर्षं.

मुलुंडला त्या जागी बिल्डिंग नव्हती. हिरवं कापड, पत्रे, आत क्रेन. रिडेव्हलपमेंट. पेटी खाली ठेवून आम्ही रस्त्यातच उभे राहिलो. समोरच्या औषधाच्या दुकानदारानं बोलावून पाणी दिलं, आणि तळमजला, न्यू जर्सी म्हटल्यावर त्यानं लगेच ओळखलं. काका मुलाकडेच असतात आता. त्याच्याकडे नंबर होता, पण तिकडे पहाट व्हायची होती. "मी त्यांना विचारतो. हो म्हणाले तर संध्याकाळी तेच फोन करतील." आम्हाला बरं वाटलं की त्यानं नंबर असाच दिला नाही. पेटी त्याच्याकडे ठेवून आम्ही मुलुंडच्या आतेबहिणीकडे जेवायला गेलो.

तिच्या तळमजल्याच्या घरात टॉवरची रेंज येत नाही, तरी साध्या नंबरावर फोन वाजत होते. मोबाइलच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू केलेलं. आपल्याकडे ही सोय २०१९ च्या डिसेंबरपासून मिळू लागली. गल्लीबोळात राहणाऱ्यांनी एकदा आपल्या फोनमध्ये बघावं, बहुतेकांकडे ती असते आणि बंद पडून असते. शारजाच्या भाईजानशी मात्र अजून तीच कसरत. अमिरातीत व्हॉट्सॲपवर लिहिता येतं, बोलता येत नाही; त्यांच्यासाठी तिथं परवानगी असलेलं वेगळं ॲप ठेवावं लागतं.

साडेसातला परतीच्या मेट्रोत होतो तेव्हा फोन वाजला. परदेशी नंबर. आवाज तुटत होता म्हणून साकीनाक्याला उतरून फलाटाच्या कडेला भिंतीपाशी उभे राहिलो. काकांना आम्ही आठवत नव्हतो. फोन नाही, जमलेली माणसं नाहीत, पाकीट नाही. "वायफायचा पासवर्ड? मी दिला?" ते हसले. "तेव्हा कुणी ना कुणी मागायचं, बेटा."

मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "मग वडील बरे झाले ना?"

आम्ही सांगितलं. महिना, साल, आणि त्याआधी जिन्यात झालेलं ते चाळीस मिनिटांचं बोलणं. तिकडून बराच वेळ काही आलं नाही. लाइन गेली की ते गप्प झाले, कळेना. आम्ही "हॅलो, काका" म्हणत राहिलो. एक गाडी आली आणि गेली.

"ऐकतोय," ते म्हणाले. "आंबे त्या औषधवाल्याच्या पोरांना दे सांगा. आणि दोन वॉचमनला."