रिपोर्ट नॉर्मल आहेत

सकाळच्या शाळेला निघण्याआधी आम्ही तीनदा शौचाला जाऊन यायचो. तरीही फळ्यावर तारीख लिहिता लिहिता पोटात कळ उठायची आणि वर्ग मॉनिटरच्या हवाली करून पळावे लागायचे. मुलांनी यावरून आमचे एक नाव ठेवले होते, ते इथे लिहीत नाही.

दोन वर्षे कोणाला सांगितले नाही. अम्मी म्हणायच्या, नजर लागली. शेवटी पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो. रक्त तपासले, दुर्बीण घातली, सगळे रिपोर्ट नॉर्मल! खूश व्हायचे सोडून आम्ही खट्टू झालो. आता लोक म्हणणार, सर सोंग करतात.

डॉक्टर म्हणाले, "सोंग नाही. आतड्याला जखम नाही, पण त्याची हालचाल आणि मेंदूशी असलेला ताळमेळ बिघडलाय. याला आयबीएस म्हणतात. जिवाला धोका नाही. शौचातून रक्त गेले, वजन घटले किंवा रात्री झोपेतून उठावे लागले, तर मात्र लगेच या."

मग परहेज. कांदा, लसूण, गहू, राजमा, चणे काही आठवडे बंद, नंतर एकेक करून पुन्हा सुरू. मुसलमानाच्या घरात कांदा बंद! बिरयानीवर बिरिस्ता नाही, सालन पातळ पाणी. पण कांदा-लसणातला त्रास देणारा घटक पाण्यात उतरतो, तेलात नाही, हे कळल्यावर बेगमने तोड काढली. लसणाच्या अख्ख्या पाकळ्या तेलात परतून काढून टाकायच्या आणि त्याच तेलात सालन करायचे. कांद्याऐवजी पातीचा फक्त हिरवा भाग. चपातीच्या जागी ज्वारीची भाकरी आली. पुढे थोडा गहू पचू लागला, कांदा अजून नाही. पाच कप चहाचे दोन झाले, रात्री पाण्यातून इसबगोल.

गोळीवरून मात्र घरात वादळ झाले. नैराश्यावर देतात तीच गोळी, अगदी कमी मात्रेत. मेहुणे म्हणाले, "भाईजान, तुम्हाला काय वेड लागलंय?" आतड्याच्या नसांची चिडचिड शांत करायलाही ती देतात, हे त्यांना समजवताना आमचेच पोट दुखायला लागले.

रमजानमध्ये पूर्वी अजान होताच भजी, समोसे आणि थंडगार सरबत एकदम पोटात जायचे. आता एक खजूर, पाणी, मगरिबची नमाज, मग सावकाश जेवण. गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून आधीच ठरवून घेतो.

सगळ्यात जड गेले ते मुख्याध्यापिकाबाईंना सांगणे. त्यांनी एका मिनिटात पहिला तास बदलून दिला. दोन वर्षे आम्ही उगाच घाम गाळला.

गेल्या महिन्यात आठवीतला एक मुलगा सुट्टीत हळूच येऊन म्हणाला, "सर, माझंपण असंच होतं." त्याला दाराजवळच्या बाकावर बसवले, न विचारता बाहेर जायची मुभा दिली आणि संध्याकाळी त्याच्या अब्बांना भेटायला गेलो.